ओळख आणि वशिला

ज्या दिवशी आमच्या पुतणीने आपण यापुढे स्लाव्ह भाषांचा अभ्यास करणार असे घरात जाहीर केले, त्या दिवशी रात्रीच्या पंगतीत बराच वेळ कोणी बोलले नाही. वैद्यकी, इंजिनिअरिंग, फार झाले तर अर्थशास्त्र, एवढ्याच वाटा ठाऊक असलेल्या घराला ही आडवाट अपरिचित होती. आमच्या मातोश्री तेव्हा हयात होत्या. त्यांनी शेवटी विचारले, "अगं, पण ही स्लाव्ह मंडळी राहतात तरी कोठे?" मुलीने रशिया, युक्रेन, पोलंड, झेक व स्लोव्हाक लोकांचे देश, सर्बिया, बल्गेरिया, स्लोव्हेनिया अशी नावे सांगितली. त्यांनी मातोश्रींचे समाधान झाले नाही. मग ती म्हणाली, "आजी, रशियन भाषेत नवऱ्याच्या भावाला 'देवेर' म्हणतात, नवऱ्याच्या वडिलांना 'स्व्योकर' आणि सुनेला 'स्नोखा'." मी ताटावरून मान वर केली. देवर, श्वशुर, स्नुषा! ज्या शब्दांपासून आपले दीर, सासरा आणि सून हे शब्द आले, तेच शब्द हजारो कोसांवर बर्फात राहणाऱ्या लोकांच्या घरात नांदत होते. मातोश्रींना मी हे समजावून सांगितले, तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे एकत्र कुटुंबातलीच माणसे म्हणायची. मग जाऊ दे तिला." घरातील परवानगी अशी मिळाली.

माझ्याविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण पुढील हकिकतीत दोष माझा आहे. मी जुन्या पद्धतीचा मॅट्रिक. पुढे पाठशाळेत कौमुदी केली, संस्कृताच्या परीक्षा दिल्या आणि त्या बळावर जुन्नर तालुक्यातील एका शाळेत सारा जन्म संस्कृत शिकविले. पुतणी लहानपणी सुटीत आमच्याकडे असे. ओटीवरच्या झोपाळ्यावर बसून तिने माझ्याकडून 'रामः, रामौ, रामाः' पाठ केले. मधल्या 'रामौ'चे तिला फार कौतुक वाटे. मराठीत एक आणि अनेक एवढेच, मग दोघांसाठी वेगळे वचन कशाला, असे ती पुन्हा पुन्हा विचारी. त्या वयातल्या प्रश्नाला मी जे उत्तर दिले ते आज मला आठवत नाही. फारसे चांगले नसावे.

पुण्यास रानडे इन्स्टिट्यूटमध्ये तिने रशियन भाषा घेतली आणि २०२१ साली शिष्यवृत्ती मिळवून ती अमेरिकेतील एका विद्यापीठात गेली. पुढील उन्हाळ्यात तिने मॉस्कोस जावयाचे ठरले होते. परंतु २०२२ च्या फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर स्वारी केली आणि ती वाट एका रात्रीत बंद झाली. या विषयाच्या किती तरी विद्यार्थ्यांचे असेच झाले. कोणी जॉर्जियात गेले, कोणी आर्मेनियात, कोणी कझाकस्तानात जाऊन रशियन बोलू लागले. आमच्या मुलीला तिच्या गुरुजींनी लुब्लियाना दाखविले. लुब्लियाना ही स्लोव्हेनियाची राजधानी. आणि स्लोव्हेनियन ही स्लाव्ह भाषांतील अशी भाषा की जिच्यात द्विवचन आजही जिवंत आहे. जर्मनीच्या पूर्व भागातील सॉर्ब लोकांच्या भाषेतही ते आहे. इतरांनी ते टाकले. रशियन, झेक इत्यादी भाषांत त्याची मोडकी भांडी तेवढी सापडतात. स्लोव्हेनियन माणूस 'आम्ही दोघे' याला 'मिद्वा' म्हणतो. 'दोन' या शब्दाचे पुल्लिंगी रूप 'द्वा', आणि स्त्रीलिंगी व नपुंसकलिंगी 'द्वे'. आपल्याकडे द्वौ, आणि स्त्रीलिंगी व नपुंसकलिंगी द्वे! हे तिने मला फोनवर सांगितले तेव्हा मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो. घरातील मंडळींना वाटले, काही वाईट बातमी आली.

आता मूळ गोष्ट. २०२२ च्या दिवाळीपूर्वी तिचा फोन आला. सूर कष्टी होता. तिच्या विभागात स्लोव्हेनियनचा अभ्यास करणारी ती एकटीच. बोलावयास कोणी नाही. ज्यांची पुस्तके ती रात्रंदिवस वाचीत होती त्या एका वृद्ध विद्वानांना पत्र घालावे असे तिच्या मनात होते. शिवाय नोव्हेंबरात शिकागो येथे या विषयाच्या मोठ्या संघाचे वार्षिक अधिवेशन होते. तिच्या गावापासून बसने चार तासांची वाट. विद्यार्थ्यांना वर्गणी कमी असते. "काका, जाऊ का? तेथे सर्व जण एकमेकांना ओळखतात म्हणे. मला कोणी ओळखत नाही. लोक म्हणतात, जाऊन आपण होऊन ओळखी करून घ्यावयाच्या असतात."

हे वाक्य मला आवडले नाही. आपल्या घरांतून मुलांना, आणि मुलींना तर विशेषच, जी शिकवण दिली जाते ती आपण जाणताच. मोठ्यांच्या बोलण्यात तोंड घालू नये. विचारल्याशिवाय सांगू नये. आपली थोरवी आपल्या तोंडाने गाऊ नये. त्यात मी मास्तर. नोकरीच्या काळात वशिल्याने आलेली आणि वशिल्याने वर चढलेली माणसे मी पुष्कळ पाहिली होती आणि त्यांचा मला तिटकारा होता. मी तिला तासभर उपदेश केला. विद्या खरी असेल तर लोक आपण होऊन विचारीत येतील, सुगंधाला दवंडी लागत नाही. तू आपली कोठडी सोडू नकोस, थोरामोठ्यांच्या दारात हेलपाटे घालणे हे विद्यार्थ्याचे काम नव्हे. ती "बरे, काका" म्हणाली. ती शिकागोस गेली नाही, पत्रही घातले नाही.

तिने त्यानंतर पाच-सहा महिने एका प्रश्नावर जीव तोडून काम केले. तो प्रश्न येथे थोडक्यात सांगतो, कारण तो मोठा मौजेचा आहे. संस्कृतात हात, डोळे, कान ही निसर्गतःच जोडीने असणारी अंगे. त्यांचे द्विवचन सहजच होते: हस्तौ, नेत्रे, कर्णौ. कोणालाही वाटेल की द्विवचन जर कोठे टिकावयाचे असेल तर ते येथेच टिकेल. स्लोव्हेनियनमध्ये नेमके उलट. दोन माणसे, दोन घोडे, दोन घरे यांना द्विवचन. परंतु आपले हात, आपले डोळे यांविषयी सामान्यपणे बोलताना अनेकवचन! जी जोडी उघडच आहे तिला दोन म्हणून सांगावयाची गरज नाही, असा काही त्या भाषेचा कल दिसतो. लुसिएन तेन्येर नावाच्या फ्रेंच पंडिताने स्वतः लुब्लियानास राहून १९२५ साली स्लोव्हेनियन द्विवचनावर मोठा प्रबंध प्रसिद्ध केला. त्यापासून हा विषय पुढे चालत आलेला आहे. मुलीने त्यातील एक कोपरा निवडला, जुन्या पोथ्यांतून शेकडो उदाहरणे काढली, त्यांचे वर्गीकरण केले. एप्रिलात तिला कळले की हेच काम, जवळजवळ याच पोथ्यांवरून, दुसऱ्या एका विद्यापीठातील विद्यार्थिनीने तिच्याआधीच पुरे केले आहे. आणि त्या मुलीने त्यावरील निबंध शिकागोच्या त्या अधिवेशनातच वाचला होता.

फोनवर ती रडली नाही. रडली असती तर मला बरे वाटले असते. तिने एवढेच विचारले, "काका, मी तेथे असते तर दुसऱ्या ओळीत बसून ऐकले असते ना?" वर्ष वाया गेले. शिष्यवृत्तीची वर्षे मोजकी असतात. त्यांतील एक मी तिच्याकडून फुकट घालविले होते. माझ्या धाकट्या भावाने व भावजयीने मला एका शब्दाने दुखविले नाही, याचेच अधिक दुःख झाले.

त्यानंतर मी या विषयात थोडे वाचन केले. निवृत्त माणसाला वेळ असतो आणि अपराधी माणसाला उत्साह. शोध लागला तो असा की, ज्या विद्येला मी कोठडीत बसून करावयाची विद्या समजत होतो, ती उभीच मुळी मंडळांच्या आणि सभांच्या आधारावर राहिली आहे. १९१५ साली मॉस्को येथे काही विद्यार्थ्यांनी मिळून एक भाषाशास्त्र मंडळ काढले. पुन्हा सांगतो, विद्यार्थ्यांनी, प्रोफेसरांनी नव्हे. त्यांत रोमान याकोबसन हा एकोणीस वर्षांचाही नसलेला तरुण होता. त्याच वर्षी लंडनमध्ये किंग्ज कॉलेजात स्लाव्ह विद्येची शाळा उघडली. तिचे उद्घाटनाचे व्याख्यान दिले मासारिक यांनी, जे तेव्हा परागंदा प्रोफेसर होते आणि तीन वर्षांनी चेकोस्लोव्हाकियाचे अध्यक्ष झाले. पुढे याकोबसन प्राग येथे आला. १९२६ च्या ऑक्टोबरात तेथे विलेम माथेसियुस या प्रोफेसरांच्या खोलीत पाच-सहा जण जमले; लाइप्झिगहून आलेल्या एका पाहुण्याने निबंध वाचला, त्यावर चर्चा झाली आणि अशा बैठका नेमाने भरवाव्यात असे ठरले. तेच पुढे जगप्रसिद्ध झालेले प्रागचे भाषाशास्त्र मंडळ. माथेसियुस यांची दृष्टी अधू होत चालली होती हे वाचून मला विशेष वाटले. ज्याला स्वतः वाचणे जड जाते त्याला मंडळाची किंमत इतरांच्या आधी कळत असावी.

तीन वर्षांनी, १९२९ साली, प्राग येथेच सर्व स्लाव्ह-पंडितांचे पहिले आंतरराष्ट्रीय अधिवेशन भरले आणि या लहानशा मंडळाने आपले सिद्धांत तेथे एकत्र मांडले. एकेकट्याने मांडले असते तर ते कोणी ऐकले असते की नाही याची शंकाच आहे. १९३४ चे अधिवेशन वॉर्सा येथे झाले. १९३९ चे बेलग्रेडला भरावयाचे होते, ते महायुद्धाने बुडाले. १९५८ साली मॉस्कोस ते पुन्हा भरले आणि त्यानंतर साठ वर्षे दर पाच वर्षांनी निरनिराळ्या स्लाव्ह नगरांत भरत गेले.

या साऱ्यात माझ्या मनाला अधिक लागली ती निकोलाय त्रुबेत्स्कॉय यांची कथा. हे राजघराण्यातील, संस्कृताचे चांगले जाणकार. क्रांतीनंतर देश सुटला. सोफियामार्गे १९२२ साली व्हिएन्नास आले व तेथे स्लाव्ह भाषांचे प्रोफेसर झाले. याकोबसन प्रागला, हे व्हिएन्नास. दोघांमध्ये पत्रांची रीघ लागली ती सुमारे अठरा वर्षे. १९३८ साली नाझींनी ऑस्ट्रिया गिळला, त्रुबेत्स्कॉय यांच्या घराची झडती झाली, कागदपत्रे जप्त झाली. हृदय आधीच दुबळे होते. त्या जूनमध्ये ते वारले. ध्वनिविचारावरील त्यांचा मुख्य ग्रंथ तेव्हा लिहून होत आला होता, शेवटची पाने तेवढी राहिली. तो ग्रंथ पुढच्या वर्षी प्रागच्या मंडळाने आपल्या ग्रंथमालेत प्रसिद्ध केला. मंडळ नसते तर ती पाने कोणाच्या ट्रंकेत राहिली असती, मी सांगू शकत नाही. याकोबसन स्वतः १९३९ मध्ये प्रागहून निसटला. कोपनहेगन, ऑस्लो, स्वीडन अशा ठिकाणी भाषापंडित स्नेह्यांनी त्याला आसरा दिला आणि १९४१ साली तो न्यूयॉर्कला पोहोचला. त्यांची पत्रे १९७५ साली छापली गेली. या स्नेह्यांना मी वशिला म्हणावे काय? माझ्या जुन्या व्याख्येप्रमाणे तर म्हणावे लागेल.

असो. २०२३ च्या नोव्हेंबरअखेर फिलाडेल्फियास अधिवेशन होते. या वेळी मी आपण होऊन तिला फोन केला आणि जा म्हणून सांगितले. तिने जाण्याचे आधीच ठरविले होते. माझी परवानगी मागितली नव्हती, हेही योग्यच झाले. हा संघ अमेरिकेत १९४८ साली निघाला. २०१० मध्ये त्याने आपले नाव बदलून स्लाव्हांबरोबर पूर्व युरोप व युरेशिया यांनाही त्यात स्थान दिले. कचेरी पिट्सबर्ग विद्यापीठात आहे, आणि 'स्लाव्हिक रिव्ह्यू' हे त्याचे त्रैमासिक. भाषा शिकविणाऱ्यांचा संघ निराळा, तो १९४१ पासूनचा. रशियन भाषेच्या अध्यापकांचा एक आंतरराष्ट्रीय संघ १९६७ साली पॅरिस येथे स्थापन झाला. ब्रिटनमध्ये आणखी एक आहे. ही यादी वाढवीत नाही.

अधिवेशनाचे तिने केलेले वर्णन मात्र सांगण्यासारखे आहे. मोठे हॉटेल, प्रत्येकाच्या गळ्यात नावाची चिठ्ठी, त्यामुळे ज्यांची नावे पुस्तकाच्या पाठीवर पाहिली ती माणसे जिन्यावर चहाचा पेला घेऊन उभी असलेली दिसतात. एका वेळी अनेक खोल्यांतून निबंधवाचन. एका खोलीत तीन-चार निबंध, एक अध्यक्ष, आणि एक जण आधीच सर्व निबंध वाचून त्यांवर टीका करण्यासाठी नेमलेला. हा शेवटचा अधिकारी मला फार पसंत पडला. आमच्या सभांतून आभार मानणारा असतो, टीका करणारा नेमीत नाहीत. निबंधाची टिपणे वर्षाच्या आरंभीच पाठवावी लागतात, म्हणजे नोव्हेंबराची तयारी थंडीतच सुरू होते. स्त्री-विद्वानांचे एक उपमंडळ आहे, ग्रंथपालांचे आहे, अनुवादकांचे आहे. नव्या विद्यार्थ्याला जुन्या सभासदाशी जोडून देण्याची सोय आहे. नोकरीचा अर्ज कसा लिहावा, पहिला लेख कोठे पाठवावा, याविषयी निराळ्या बैठका होतात. पुस्तकांची दुकाने मांडलेली असतात आणि शेवटच्या दिवशी ती स्वस्तात विकतात. त्या दिवशी प्रोफेसरांची धक्काबुक्की पाहण्यासारखी असते असे ती म्हणाली.

त्या वर्षी तेथे एक मोठा वाद चालला होता. 'वसाहतवादापासून मुक्ती' हेच अधिवेशनाचे सूत्र होते. इतकी वर्षे या विद्येत रशियाच मध्यभागी आणि बाकीचे कडेला, असे का, हा प्रश्न युद्धाने ऐरणीवर आणला होता. युक्रेनचे विद्वान बोलत, तेव्हा खोलीत कमालीची शांतता पसरे. इंग्रजी राज्यात लिहिलेला आपला इतिहास ज्यांनी वाचला आहे, त्यांना या वादाचा अर्थ वेगळा सांगावयास नको.

पहिला दिवस तिने भिंतीला पाठ लावून काढला. संध्याकाळी खोलीवर येऊन मला फोन केला आणि म्हणाली, "काका, मला बोलताच येत नाही. कोणापाशी गेले की वाटते, हे म्हणतील ही काही मागायला आली." माझे शब्द तिच्या तोंडून परत येत होते. मी विचार केला आणि म्हटले, "तू कोणाकडे काही मागू नकोस. ज्यांचे पुस्तक वाचलेस त्यांच्यापाशी जा आणि अमुक पानावर जे लिहिले आहे ते मला कळले नाही, एवढेच म्हण." मास्तर म्हणून मला एवढे ठाऊक होते की कोणाही शिक्षकाला, तो कितीही मोठा असो, धडा वाचून आलेल्या विद्यार्थ्याचा प्रश्न टाळवत नाही.

दुसऱ्या दिवशी तिने तसे केले. वृद्ध विद्वान तिला एका कोपऱ्यात घेऊन बसले आणि पाऊण तास बोलले. मग त्यांनीच हाताने खूण करून एका मुलीला बोलाविले आणि दोघींची ओळख करून दिली. ती मुलगी म्हणजे शिकागोस निबंध वाचणारी तीच! जन्माने स्लोव्हेनियन. आमच्या मुलीच्या मनात तिच्याविषयी काय काय साठलेले असेल, याची कल्पना वाचकांनी करावी. परंतु दोघींनी रात्री उशिरापर्यंत बसून आपापली टिपणे एकमेकींना दाखविली. कळले ते असे की आमच्या मुलीने काढलेल्या उदाहरणांपैकी निम्मी त्या मुलीने पाहिलीच नव्हती, आणि संस्कृताची बाजू तर तिला अगदीच नवी होती. पुढे त्यांनी विषय वाटून घेतला: एकीने स्लोव्हेनियन, दुसरीने सॉर्ब, आणि संस्कृताशी तुलना दोघींची मिळून. २०२४ च्या नोव्हेंबरात बोस्टन येथे त्यांनी निबंध वाचला. सकाळी आठची वेळ, श्रोते अकरा. नेमलेल्या टीकाकाराने दोन जागी चांगलेच पकडले. हे सांगताना मुलीचा सूर मी पूर्वी कधी ऐकला नव्हता इतका आनंदी होता.

येथे थांबलो असतो तर बरे, पण अर्धे खरे सांगून काय उपयोग? मी तिला २०२२ साली जो उपदेश केला तो केवळ संस्काराने केला नव्हता. १९९४ च्या सुमारास मीही द्विवचनावर चाळीस पानांचा एक निबंध लिहिला होता. मित्रावरुणौ, द्यावापृथिवी अशा जोडदेवतांच्या समासांचा त्यात विचार होता. माझ्या गुरुस्थानी असलेल्या एका शास्त्रीबोवांनी तो पाहिला नाही, पण विषय ऐकून म्हणाले, "पुण्यास पंडितांची परिषद आहे, माझ्याबरोबर चल, वाच." मी गेलो नाही. घरी सांगितले की, बोलावणे नसता जाणे मला प्रशस्त वाटत नाही. खरी गोष्ट अशी होती की मी मॅट्रिक, तेथे सारे एम. ए., पीएच. डी.; ते हसतील याची मला भीती वाटली होती. त्या भीतीला मी विनयाचे उपरणे पांघरले आणि ते इतकी वर्षे वापरले की माझे मलाच ते खरे वाटू लागले. निबंध ट्रंकेत राहिला. तो बरोबर होता की चूक, हे मला तीस वर्षे कळले नाही, कारण तो कोणाला दाखविलाच नाही. तेच उपरणे मी पोरीच्या खांद्यावर टाकावयास निघालो होतो.

बोस्टननंतर हे सारे मी तिला सांगितले. तिने काही भाष्य केले नाही. पानांची छायाचित्रे काढून पाठवा म्हणाली. कसरीने कडा खाल्ल्या होत्या, पण अक्षर शाबूत होते. तिने त्याचा इंग्रजीत सारांश केला आणि आपल्या मैत्रिणीला दिला.

आता एक शेवटची गोष्ट, आणि ती जुन्नरची आहे. त्रुबेत्स्कॉय यांनी ज्या वर्षी प्रागचे मंडळ निघाले त्याच १९२६ साली एक लेख लिहिला होता, तो अफनासी निकितिन याच्या प्रवासवर्णनावर. हा त्वेर गावचा रशियन व्यापारी. १४६९ च्या सुमारास होर्मुझहून एक घोडा बरोबर घेऊन तो समुद्रमार्गे आमच्या चौल बंदरात उतरला आणि घाट चढून जुन्नरास आला. पावसाळा त्याने तेथेच काढला. जुन्नरचा अधिकारी असदखान याने त्याचा घोडा हिरावून घेतला. धर्म बदलशील तर घोडा परत आणि वर हजार मोहरा, नाही तर घोडा गेलाच आणि हजार मोहरा दंड, अशी चार दिवसांची मुदत दिली. परमुलूख, भाषा परकी, ओळखीचे कोणी नाही. इतक्यात खोरासानचा ख्वाजा महंमद नावाचा एक गृहस्थ तेथे आला. निकितिनने त्याला गाठून आपली हकिकत सांगितली. तो घोड्यावर बसून खानाकडे गेला, रदबदली केली, निकितिनचा धर्म राखला आणि घोडाही सोडवून आणला. मी इतकी वर्षे त्याच तालुक्यात शिकवीत होतो आणि ही कथा मला ठाऊक नव्हती. ती मला कळली पुतणीकडून, तिला तिच्या मैत्रिणीकडून.

ती मैत्रीण येत्या पौषात पुतणीबरोबर आमच्याकडे येणार आहे. तिने माझ्या निबंधावर नऊ प्रश्न लिहून पाठविले आहेत. त्यांतील पाचांची उत्तरे मी लिहून ठेवली आहेत. दोन प्रश्न मला नीट कळलेच नाहीत. एकाचे उत्तर शोधण्यासाठी पुण्यास जावे लागेल. आणि नवव्या प्रश्नावरून असे दिसते की बाविसाव्या पानावर मी जे विधान केले आहे ते साफ चुकीचे आहे. दोघींना आधी रेवदंड्यास न्यावयाचे, तेथे निकितिनचे स्मारक आहे. मग चौल, आणि मग घाट चढून जुन्नर. निकितिन जुन्नरास कोठे उतरला असावा याचा काही अंदाज करता येईल काय, अशी त्या मुलीची पृच्छा आहे. मी जुन्नरातील तीन जाणत्या गृहस्थांना पत्रे घातली आहेत. त्यांपैकी एकालाही मी ओळखत नाही. दोघांची उत्तरे आली आहेत.